नोंद कोणाची, दोष कोणाचा?

संगणक सांभाळणाऱ्या मंडळींत एक मत इतके रुळले आहे की त्याला कोणी मत म्हणतच नाही, अनुभव म्हणतात. सिस्टिम लॉगमध्ये विचित्र, न कळणारे संदेश दिसले आणि संगणक चालू असला, तर तिकडे लक्ष देऊ नये. तो नुसता गोंगाट. संगणक नीट चालत नसला, तर संदेशावर ज्या प्रोग्रामचे नाव आहे तो काढून पुन्हा टाकावा. तेवढ्याने भागले नाही तर फॉरमॅट मारावा. हाउसिंग सोसायटीच्या कचेरीत येणारा तंत्रज्ञ हेच सांगतो आणि मोठ्या कंपनीचा सिस्टिम ॲडमिनही वेगळ्या शब्दांत हेच सांगतो.

हे मत चुकीचे आहे आणि त्याची किंमत आपण रोज मोजतो आहोत. वरचे दोन सल्ले एकमेकांच्या उलट दिसले तरी दोघांच्या मुळाशी गृहीतक एकच आहे: नोंदीवर ज्याचे नाव, नोंद त्याच्याविषयीची. मूळ प्रोग्रामच्या पोटात दुसऱ्या कोणाचे सॉफ्टवेअर चालत नसते, तर हे गृहीतक टिकले असते. पण आजच्या संगणकावर असा प्रोग्राम शोधून सापडणे कठीण. प्लगइन, एक्स्टेन्शन, ड्रायव्हर, अँटीव्हायरस, मराठी टाइप करण्याचे साधन, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाबरोबर आलेली फाइल, ही सगळी ॲड-ऑन मंडळी यजमान प्रोग्रामच्या आत शिरून काम करतात. त्यांच्यामुळे उठलेला संदेश बहुधा यजमानाच्या नावावर लिहिला जातो. म्हणून माझा सिद्धान्त असा: लॉगमधली ओळ खटकले कोणाला एवढेच सांगते, खटकण्याजोगे कोणी केले हे सांगत नाही, आणि आत कोण कोण आहे हे तपासल्याशिवाय 'दुर्लक्ष करा' म्हणण्याचाही अधिकार कोणाला नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो पोकळ नाही. त्याचे चार आधार आहेत.

पहिला आधार आप्तवाक्याचा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्ट्रिब्युटेडकॉम' या नावाने १०००० च्या घरातली एक नोंद येते, क्रमांक १००१६. अमुक घटकाला तमुक सेवा सुरू करण्याची परवानगी नाही, असे ती सांगते. ती असंख्य संगणकांवर दिसते आणि मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवले आहे की हे वर्तन अपेक्षित आहे, नोंद सोडून दिली तरी चालेल. लिनक्सवर टर्मिनलमधून एखादा प्रोग्राम उघडला की 'कॅनबेरा-जीटीके-मॉड्यूल' लोड करता आले नाही, अशी ओळ पुष्कळदा उमटते. प्रोग्राम मात्र व्यवस्थित चालतो. बनवणारेच चिंता नको म्हणत असतील तर आपण का करावी?

दुसरा आधार गांभीर्याच्या पातळीचा. सिसलॉग या जुन्या नोंदपद्धतीत संदेशाच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत. संदेश कोणत्या पायरीवर टाकायचा हे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. त्याने 'एरर' म्हटले म्हणून वापरणाऱ्याचे काही बिघडले असेलच असे नाही. तिसरा आधार संख्येचा: एका दिवसात हजारो ओळी जमा होतात, त्या कोण वाचणार? चौथा आधार भीतीचा, आणि तो सर्वांत सबळ आहे. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, आम्ही कंपनीतून बोलतो' असे फोन करणारे भामटे समोरच्याला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात, लाल-पिवळ्या खुणा दाखवतात आणि घाबरलेल्या माणसाकडून पैसे उकळतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा टोळ्यांवर दावे लावल्याचे जाहीर केले. त्यांतल्या बहुतेकांचा कारभार भारतातून चालत होता. तेव्हा सामान्य माणसाला लॉग दाखवूच नये, हे म्हणणे दयाबुद्धीतून आलेले आहे, हेही मान्य केले पाहिजे.

आता खंडन.

पहिल्या आधारातून सिद्ध काय होते? काही संदेश निरुपद्रवी असतात, एवढेच. त्यावरून 'विचित्र संदेश निरुपद्रवी असतात' असा नियम काढणे ही उघड अतिव्याप्ती आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या दोन्ही उदाहरणांत निर्वाळा कसा मिळाला ते पाहावे. १००१६ ची नोंद कोणत्या घटकामुळे येते, त्याला कोणती परवानगी मुद्दाम दिलेली नाही आणि ती नाकारल्यावर तो घटक दुसऱ्या कोणत्या वाटेने काम करतो, हे मायक्रोसॉफ्टला ठाऊक होते; म्हणून तिला तसे सांगता आले. कॅनबेराचेही तसेच. जीटीके मॉड्यूल्स या नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्या मॉड्यूलचे नाव लिहिलेले असते, पण मॉड्यूल बसवलेले नसते किंवा चुकीच्या जातीचे असते. परिणाम इतकाच की बटण दाबल्याचा वगैरे आवाज येत नाही. हे कळले म्हणून आपण निश्चिंत झालो. निरुपद्रवीपणा हा चौकशीचा निष्कर्ष आहे. जे मत त्यालाच चौकशी न करण्याचे कारण म्हणून पुढे करते, ते साध्यालाच हेतू बनवते.

दुसऱ्या आधाराचेही असेच: संदेशाच्या मजकुरावरून वा पायरीवरून तो निरुपद्रवी आहे की नाही हे ठरवताच येत नाही, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण लिनक्सच्या पॅम या व्यवस्थेत आहे. लॉगिन, सुडो, एसएसएच, क्रॉन असे अनेक प्रोग्राम माणसाची ओळख पटवण्याचे काम पॅमवर सोपवतात आणि पॅम ते छोट्या छोट्या मॉड्यूलांकडून करून घेते. ठशांच्या ओळखीचे किंवा कीरिंगचे एखादे पॅकेज काढून टाकले आणि त्याचे नाव कॉन्फिगरेशनमध्ये राहिले, की लॉगमध्ये ओळी येऊ लागतात: अमुक मॉड्यूल उघडता येत नाही, 'सदोष मॉड्यूल' म्हणून त्याची भर घातली आहे. ओळीवर नाव असते एसएसएचडीचे किंवा क्रॉनचे. दोघांचाही त्यात काही दोष नसतो. ते मॉड्यूल कॉन्फिगरेशनमध्ये 'ऑप्शनल' म्हणून लिहिलेले असेल तर काहीच बिघडत नाही. 'रिक्वायर्ड' म्हणून लिहिलेले असेल तर योग्य पासवर्ड देऊनही दार उघडत नाही. ओळ शब्दशः तीच, अर्थ मात्र भिन्न, आणि तो अर्थ दुसऱ्याच फाइलमध्ये आहे. मग ओळीकडे नुसते पाहून 'गोंगाट' म्हणणारा कशाच्या बळावर म्हणतो?

पॅमच्या कर्त्यांनी यावर काढलेला उपायही बोलका आहे. कॉन्फिगरेशनच्या ओळीआधी एक आडवी रेघ लिहिली की ते मॉड्यूल नसले तरी पॅम लॉगमध्ये तक्रार लिहीत नाही. म्हणजे गप्प बसवण्याची सोय आहे, पण 'हे मॉड्यूल नसणे मला चालते' असा निर्णय घेऊन तो लिहून ठेवणाऱ्यासाठी.

आता मूळ गृहीतकाकडे वळू. ओळीवर नाव येते कसे? सिसलॉग ही पद्धत एरिक ऑलमन यांनी बर्कली येथे १९८० च्या दशकात सेंडमेल या टपाल-प्रोग्रामसाठी तयार केली आणि पुढे ती सगळ्या युनिक्स जगाने उचलली. तिच्यात प्रोग्राम सुरुवातीला आपले नाव सांगतो आणि पुढच्या प्रत्येक ओळीवर तेच नाव लागते. नाव संपूर्ण प्रोसेसचे मिळून एकच असते. त्या प्रोसेसमध्ये बाहेरून आलेल्या लायब्ररीने संदेश लिहिला, तरी शिक्का यजमानाचाच बसतो. वाड्याच्या दारावर पाटी मालकाची असते आणि आत पोटभाडेकरूने घातलेल्या गोंधळाची तक्रार पाटीवरच्या नावाने नोंदवली जाते, तसाच हा प्रकार आहे. लबाडी कोणाचीच नाही. नोंदवहीत दुसऱ्या नावासाठी रकानाच नव्हता.

या रकान्याच्या अभावी किती माणसे चुकीच्या दारावर जातात, ते २००९ साली मॅक वापरणाऱ्यांनी अनुभवले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलने स्नो लेपर्ड ही आवृत्ती आणली आणि तिच्याबरोबर आलेले बहुतेक प्रोग्राम ६४-बिट झाले. पुष्कळांच्या संगणकावर ॲडोबीच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली 'ॲडोबी युनिट टाइप्स' नावाची एक छोटी स्क्रिप्टिंग ॲडिशन लायब्ररीच्या फोल्डरात पडून होती. ॲपलस्क्रिप्ट वापरणारा प्रत्येक प्रोग्राम तेव्हा तिथल्या सगळ्या ॲडिशन आपल्या पोटात ओढून घेत असे. ही ॲडिशन ३२-बिटच होती, आणि ६४-बिट प्रोसेसमध्ये ३२-बिट कोड लोड होत नाही. झाले असे की जो जो प्रोग्राम स्क्रिप्टला हात लावी, त्याच्या त्याच्या नावाने लॉगमध्ये ओळी पडू लागल्या: योग्य आर्किटेक्चर सापडले नाही, या ॲडिशनमध्ये लोड करण्याजोगे हँडलर नाहीत. फोटोशॉप उघडलेलेही नसताना भलत्याच प्रोग्रामच्या नावावर या तक्रारी जमत होत्या. उपाय मात्र एका फाइलचा होता: ती एकतर नव्या आवृत्तीने बदलायची किंवा तिथून हलवायची.

या प्रकरणातून आणखी एक गोष्ट कळते. ती फाइल आदल्या दिवशी होती तशीच होती. ती बिघडली नव्हती. तिचा यजमान बदलला होता. 'काल तर काही नवीन टाकले नाही' असे लोक म्हणतात ते खरेच असते. पण यजमान हल्ली आपोआप अपडेट होतो, आणि जुन्या यजमानाशी जुळलेले ॲड-ऑन नव्या यजमानाशी जुळेलच असे नाही. अशा वेळी दोष दोघांपैकी एकट्यात शोधला तर सापडत नाही, कारण तो त्यांच्या जुळणीत असतो. रुळलेल्या मताला ही जुळणी दिसतच नाही. त्याच्यापुढे नाव एकच असते.

यावर कोणी म्हणेल, विंडोजच्या नोंदीत तर दोन नावे असतात. खरे आहे. प्रोग्राम कोसळला की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १००० क्रमांकाची नोंद येते आणि तिच्यात कोसळलेल्या प्रोग्रामबरोबर कोणत्या मॉड्यूलमध्ये कोसळला तेही लिहिलेले असते. एक्सप्लोरर वारंवार बंद पडत असेल आणि मॉड्यूल म्हणून एखाद्या झिप करणाऱ्या किंवा क्लाउडवर फाइल ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची डीएलएल दिसत असेल, तर बहुतेक काम झालेच. राइट क्लिकच्या यादीत आपली ओळ घालण्यासाठी अशी शेल एक्स्टेन्शन्स एक्सप्लोररच्या पोटात शिरलेली असतात. पण पुष्कळदा तिथे 'एनटीडीएलएल' हे विंडोजच्या स्वतःच्या गाभ्यातले नाव दिसते आणि लोक विंडोजच बिघडले असे समजून फॉरमॅटकडे वळतात. एखाद्या ॲड-ऑनने मेमरीत भलतीकडे लिहिले, तर त्या क्षणी काहीच होत नाही. थोड्या वेळाने मेमरीचा हिशेब ठेवणारे मॉड्यूल तिथे पोचते, हिशेब जुळत नाही असे पाहते आणि प्रोग्राम थांबवते. नाव त्याचे लागते, कारण चूक त्याने पकडली. दुसरे नाव मिळाले तरी ते पकडणाऱ्याचे आहे की करणाऱ्याचे, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न किती व्यापक आहे हे गूगलने क्रोमविषयी २०१७ साली जाहीर केलेल्या माहितीवरून दिसते. विंडोजवर क्रोम वापरणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांच्या संगणकावर क्रोमशी संवाद साधणारे दुसरे सॉफ्टवेअर होते, आणि ज्यांच्याकडे क्रोममध्ये बाहेरचा कोड घुसवणारे सॉफ्टवेअर होते त्यांचे क्रोम कोसळण्याची शक्यता १५ टक्क्यांनी जास्त होती. त्यानंतर पुढच्या वर्षापासून गूगलने अशा घुसखोरीला टप्प्याटप्प्याने बंदी घातली. प्रत्येक वेळी कोसळल्याची नोंद मात्र क्रोमच्याच नावावर जमा होत होती.

१९ जुलै २०२४ रोजी हेच जगभर घडले. विमानतळांवर निळे पडदे दिसू लागले, भारतातही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले आणि 'विंडोज बंद पडले' अशी बातमी झाली. खरे कारण होते क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचे एक सदोष अपडेट. त्याच्या एका भागाला २० रकाने मिळत होते आणि नवे नियम एकविसावा वाचू पाहत होते. हे सगळे विंडोजच्या कर्नेलमध्ये बसलेल्या ड्रायव्हरमध्ये चालत असल्यामुळे सगळा संगणकच कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणकांना याचा फटका बसला, आणि ते सगळ्या विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी होते. विंडोज मुळात बंद पडले असते तर उरलेले ९९ टक्के का चालू राहिले, हा साधा प्रश्न विचारला असता तर बातमीचे शीर्षक बदलले असते.

'संगणक चालू आहे ना, मग सोडा' या सल्ल्याला सर्वांत कठोर उत्तर त्याच वर्षी मार्चमध्ये मिळाले होते. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. काही आठवड्यांपूर्वी पॅकेजे अपडेट केल्यावर त्यांच्या चाचण्यांत व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाच्या विचित्र तक्रारी येऊन गेल्या होत्या. पुढे त्यांना दिसले की एसएसएचचे लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होते आहे आणि प्रोसेसर नको तितका वापरला जातो आहे. काहीही बंद पडले नव्हते. पण त्यांनी ते सोडले नाही. पाठपुरावा केल्यावर आढळले की एसएसएचचा त्यात काही दोष नाही. काही लिनक्स वितरणांनी सिस्टिमडीशी जुळवून घेण्यासाठी एसएसएचला जोडलेल्या तुकड्यामुळे एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या पॅकेजची लायब्ररी एसएसएचच्या प्रोसेसमध्ये येत होती, आणि त्या लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मागचे दार बसवून ठेवले होते. २९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी हे जगाला कळवले आणि ते दार मुख्य वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत पोचण्याआधी बंद झाले. काटेकोर अर्थाने ही लायब्ररी ॲड-ऑन नव्हे, पण घडण तीच: नाव एसएसएचचे, आत आलेला कोड दुसऱ्याचा. यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ५.६.० मुळे व्हॅलग्रिंडच्या तक्रारी येऊ लागल्यावर हल्लेखोराने ५.६.१ मध्ये त्या तक्रारी थांबवण्याचा खटाटोप केला. संदेश गप्प व्हावा ही त्याची गरज होती. विचित्र ओळीला गोंगाट म्हणून टाकून देणारे मत नकळत त्याच्याच बाजूला जाऊन उभे राहते.

संख्येचा आधार आता फार वेळ घेणार नाही. ओळींची संख्या म्हणजे कारणांची संख्या नव्हे. मॅकवर एखादे सॉफ्टवेअर अर्धवट काढले आणि त्याची लाँच डीमनची फाइल मागे राहिली, तर सेवा सुरू करणारे लाँचडी ते सुरू करायला जाते, ते लगेच मरते, आणि ठरलेल्या नियमाने १० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न होतो. दिवसाला ८,६४० प्रयत्न होतात आणि त्यांच्या ओळींनी लॉग भरून जातो. कारण मात्र एकच, आणि ती फाइल काढली की संपणारे. हजार ओळींकडे पाहून हात टेकण्याऐवजी सारख्या ओळी एकत्र केल्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रकार उरतात. शिवाय या हजारांत दडून राहते ती एखादी खरोखर गंभीर ओळ. संख्येचे कारण सांगून लॉग सोडून देणे म्हणजे त्या ओळीला दडायला जागा करून देणे.

भीतीच्या आधाराविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. भामट्यांचा धंदा माणसे लॉग वाचतात म्हणून चालत नाही. लॉग कधीच कोणी समजावून दिलेला नसतो म्हणून चालतो. ज्याला ठाऊक आहे की लाल खूण म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याविषयी केलेली तक्रार, तो फोनवरच्या माणसाला विचारील, 'कोणती नोंद, कोणाची, कोणत्या तारखेपासून?' आणि तिथेच तो व्यवहार संपेल. विंडोजमध्ये आणखी एक संदेश लोकांना घाबरवतो: या नोंदीचे वर्णन सापडत नाही, संबंधित घटक बसवलेला नाही किंवा त्याची मांडणी बिघडली आहे. त्यामागचे कारण अगदी साधे असते. नोंदीचा क्रमांक लॉगमध्ये साठतो, पण तिचे वाक्य त्या सॉफ्टवेअरच्या डीएलएलमध्ये असते. सॉफ्टवेअर काढले की वाक्य जाते आणि जुन्या नोंदी वाक्याविना राहतात. हे दोन वाक्यांत समजावता येते. आपल्या आईवडिलांना, दुकानदाराला, शाळेतल्या कारकुनाला ते न समजावता 'तिकडे बघूच नका' सांगणे ही दया नव्हे.

खंडन झाले, आता मंडन. तपास कसा करावा याचे उत्तर आपल्या न्यायशास्त्रातल्या अन्वय-व्यतिरेकात आहे. अमुक असताना तमुक होते आणि अमुक नसताना तमुक होत नाही, या दोन्ही गोष्टी दाखवल्या तरच कार्यकारणभाव मानायचा. या कसोटीवर 'फॉरमॅट मारला आणि संदेश गेला, म्हणजे विंडोजच बिघडले होते' हे अनुमान हेत्वाभास ठरते. फॉरमॅट करताना विंडोजही बदलले आणि सगळी ॲड-ऑनही गेली. सगळेच एकदम काढल्यावर कोणामुळे काय थांबले हे कळण्याचा मार्गच बंद होतो. म्हणून पुन्हा टोकनाचा ड्रायव्हर, प्रिंटरची सीडी आणि टायपिंगचे सॉफ्टवेअर घातले की पुष्कळांच्या संगणकावर तेच संदेश परततात, आणि मग 'हा संगणकच खराब आहे' असा तिसरा चुकीचा निष्कर्ष निघतो.

व्यतिरेक नीट पाहायचा तर तो क्रमाने पाहावा लागतो. आधी तारीख शोधावी: हा संदेश पहिल्यांदा केव्हा आला आणि त्या सुमारास काय बसवले, काय काढले, यजमान केव्हा अपडेट झाला. या एका प्रश्नाने निम्मी प्रकरणे सुटावीत असा माझा विश्वास आहे. मग आत कोण आहे याची यादी करावी. विंडोजवर ऑटोरन्स हे साधन संगणकाबरोबर आणि एक्सप्लोररबरोबर काय काय सुरू होते ते दाखवते. मॅकच्या २०१६ पासूनच्या लॉगमध्ये प्रोसेसबरोबर संदेश पाठवणाऱ्या लायब्ररीचेही नाव साठवले जाते. सिसलॉगमध्ये नव्हता तो रकाना तिथे आला आहे. लिनक्सच्या जर्नलमध्ये प्रोग्रामने स्वतः सांगितलेले नाव आणि जर्नलने स्वतः पडताळलेले नाव वेगवेगळे ठेवतात, आणि पडताळलेल्या रकान्याच्या नावाआधी अंडरस्कोअर असतो.

लिनक्सच्या कर्नेलने तर हा विचार फार प्रामाणिकपणे अमलात आणला आहे. बाहेरचे मॉड्यूल लोड झाले की कर्नेल स्वतःला 'टेंटेड' म्हणवून घेतो आणि तशी नोंद करतो. त्यासाठी एक आकडा असतो: बंदिस्त परवान्याच्या मॉड्यूलाबद्दल १, कर्नेलच्या मूळ झाडाबाहेर बांधलेल्या मॉड्यूलाबद्दल ४०९६, आणि असेच पुढचे आकडे, ज्यांची बेरीज होत जाते. आकडा ४०९७ दिसला की दोन्ही गोष्टी घडल्या आहेत हे कळते. कर्नेल अडखळला तर त्या अहवालात आत असलेल्या सगळ्या मॉड्यूलांची यादीही छापली जाते. पुष्कळांना 'कर्नेल दूषित झाला' ही ओळच भयंकर वाटते. तिचा अर्थ इतकाच की यापुढच्या वर्तनाची हमी एकटा कर्नेल देऊ शकत नाही, आत पाहुणे आहेत. प्रत्येक यजमानाने आपल्या वाचकाला एवढे तरी सांगावे.

यादी झाली की पाहुण्यांशिवाय चालवून पाहावे. विंडोजचा सेफ मोड आणि मायक्रोसॉफ्टखेरीज बाकी सेवा बंद ठेवणारा क्लीन बूट यासाठीच आहेत. मॅकवर १९९१ च्या सिस्टिम ७ पासून सुरू होताना शिफ्ट दाबून एक्स्टेन्शन्स बाहेर ठेवता येत. संदेश तरीही आला तर दोष यजमानात. नाही आला तर पाहुण्यांत किंवा त्यांच्या यजमानाशी असलेल्या जुळणीत. मग पाहुण्यांचे दोन भाग करावेत, एक भाग बंद ठेवून पाहावे, ज्या भागात संदेश येतो त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. ३२ ॲड-ऑन असली तरी पाच फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येते. जुन्या मॅकवरचे कॉन्फ्लिक्ट कॅचर हेच काम आपोआप करी, आणि आजच्या व्हीएस कोडमध्ये 'एक्स्टेन्शन बायसेक्ट' या नावाने हीच सोय आहे. तीन दशके टिकलेली ही रीत आहे.

या रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दोन ॲड-ऑन एकत्र असतानाच बिघाड होत असेल, तर निम्मे-निम्मे करताना ती दोन वेगवेगळ्या भागांत जातात आणि संदेश दोन्हीकडून नाहीसा होतो. तेव्हा जोड्या लावून पाहाव्या लागतात. चालू सर्व्हरवरचे सुरक्षा-सॉफ्टवेअर प्रयोगासाठी बंद करणे धोक्याचे असते. तिथे वेगळ्या संगणकावर तीच मांडणी उभी करावी. आणि प्रत्येक घरगुती वापरणाऱ्याने प्रत्येक ओळीमागे असे लागावे असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे सल्ला देणाऱ्यांसाठी आहे. जो दुसऱ्याला 'दुर्लक्ष करा' सांगतो, त्याने का, हे एका वाक्यात सांगता यायला हवे: हा संदेश अमुक ॲड-ऑनमुळे येतो, त्याचा परिणाम एवढाच आहे, म्हणून सोडा. हे वाक्य त्याला येत नसेल तर त्याने 'मला माहीत नाही, तपासतो' म्हणावे. ते अधिक सन्मानाचे आहे.

ॲड-ऑन लिहिणाऱ्यांवरही कर्तव्य आहे, आणि पुण्या-मुंबईत असे सॉफ्टवेअर लिहिणारे हजारो हात आहेत, म्हणून ते मराठीत सांगण्यात अर्थ आहे. आपल्या संदेशात आपल्या सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती लिहा. यजमानाच्या नावाआड राहू नका. काढून टाकताना लाँच डीमन, पॅमची ओळ, रजिस्ट्रीतली नोंद असे काहीही मागे ठेवू नका. यजमान बदलला आणि आपण लोड होऊ शकत नसू, तर ते एकदा स्पष्टपणे सांगून बाजूला व्हा. रुळलेले मत टिकून आहे त्याला वाचणाऱ्यांचा आळस जेवढा कारण आहे, तेवढाच लिहिणाऱ्यांचा निष्काळजीपणाही.

लॉग हा संगणकाने स्वतःविषयी ठेवलेला सविस्तर दस्तऐवज आहे. त्यातली ओळ कोणी लिहिली, कोणामुळे लिहावी लागली आणि तिचा परिणाम काय, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात, हे मान्य केले की दुर्लक्षही सकारण होते आणि दुरुस्तीही नेमकी होते. ही उत्तरे हाती नसताना दिलेला कोणताही सल्ला, मग तो 'सोडून द्या' असो की 'फॉरमॅट मारा', अनुभवाच्या नावाने स्वीकारू नये.